स्वस्तात मिळणारी जुनी आलिशान गाडी: घेण्याआधी काय तपासाल, घेतल्यावर काय सांभाळाल

कापसाचे पैसे हातात आले किंवा घरात लग्न ठरले की वाचकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: नव्या छोट्या गाडीच्या पैशांत दहा-पंधरा वर्षांची मर्सिडीज, ऑडी किंवा स्कोडा सुपर्ब मिळते आहे, घेऊ का? दुसरा प्रश्न गाडी दारात आल्यावरचा. मीटरवर दिवा लागतो, पण गाडी चालते. चालवत राहू का? तिसरा कागदांचा. गाडीला एमएच नंबर आहे, मालक नागपूरचा आहे, आपल्याकडे नावावर होईल का?

तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या बाजारहत्नूर, इचोडा, बोथ, गुडीहतनूर या पट्ट्यातल्या वाचकांनी या प्रश्नांची शहरी उत्तरे जशीच्या तशी घेऊ नयेत. हैदराबादच्या माणसाची गाडी बंद पडली तर तासाभरात ती ओळखीच्या वर्कशॉपमध्ये पोहोचते. तुमच्यासाठी या गाड्यांचे जाणकार वर्कशॉप हैदराबादला किंवा नागपूरला, म्हणजे दोन्हीकडे दोनशे किलोमीटरच्या पलीकडे. त्यामुळे शहरात जो बिघाड एका दिवसाची कटकट असतो, तो तुमच्यासाठी गाडी वाहून नेण्याच्या खर्चासकट पंधरा दिवसांचा खोळंबा होतो. गाडीची किंमत ठरवताना हे अंतर हिशेबात धरा. बहुतेक लोक ते धरत नाहीत आणि तिथेच फसतात.

कंपनीचे नाव बाजूला ठेवा, इंजिन आणि गिअरबॉक्स विचारा

"मर्सिडीज टिकते", "स्कोडा खर्चिक असते" अशी वाक्ये खरेदीला उपयोगाची नाहीत. एकाच स्कोडा लॉरामध्ये एक इंजिन साध्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे चालते आणि दुसरे गिअरबॉक्ससह मालकाला रडवते. म्हणून विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: इंजिन कोणते, गिअरबॉक्स कोणता, साल कोणते. मग खालची यादी पाहा.

स्कोडा ऑक्टेव्हिया, लॉरा, सुपर्ब. यांची जुळणी तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात होत असे. मराठवाड्यात या गाड्या खूप फिरल्या आणि त्यांचे काम करणारे मिस्त्रीही तिथे तयार झाले. आदिलाबादकरांसाठी ही जमेची बाजू आहे.

- पहिल्या ऑक्टेव्हियाचे १.९ टीडीआय डिझेल इंजिन आणि हाताचा गिअर ही जोडी मला या पट्ट्यासाठी सर्वांत भरवशाची वाटते. तिची दुखणी ठाऊक आहेत: एअर मास सेन्सर खराब होऊन ओढ कमी होणे, काजळीने टर्बोची पाती अडकणे, दरवाजाची कुलुपे आणि खिडक्या रुसणे. यातले बरेचसे काम आदिलाबादला होऊ शकते. मात्र टायमिंग बेल्ट बदलल्याची लेखी नोंद नसेल तर गाडी घेतल्याबरोबर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्रच बदला. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि काम हेड खोलण्यावर जाते.
- लॉराच्या १.९ टीडीआयमध्ये प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर कॅमशाफ्टने दाबला जातो. तिला ५०५.०१ मानांकनाचेच इंजिन ऑईल लागते. दुसरे टाकत राहिले तर कॅम झिजतो. मालकाने कोणते ऑईल टाकले याचे बिल मागा.
- १.८ टीएसआय पेट्रोल इंजिन चालवायला फार सुखाचे. पण सुरुवातीच्या वर्षांत टायमिंग चेनचा टेन्शनर ढिला पडणे आणि पिस्टन रिंगमधून ऑईल जळणे ही दोन मोठी दुखणी होती. सुधारित टेन्शनर २०१२ च्या आसपास आला. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना दोन-तीन सेकंद साखळी खडखडली तर सौदा तिथेच थांबवा.
- याच १.८ टीएसआयला जोडलेला सात गिअरचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कोरड्या क्लचचा असतो. त्याच्या तक्रारी जगभर झाल्या. २०१३ मध्ये चीनमध्ये फोक्सवॅगनने याच गिअरबॉक्सपायी सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलावल्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरला धक्का बसणे, रांगेत हळू जाताना थरथरणे, गिअरचे चिन्ह लुकलुकणे या खुणा. दुखणे क्लचमध्ये किंवा मेकॅट्रॉनिक नावाच्या नियंत्रक भागात असते आणि ते खेड्यात दुरुस्त होत नाही. २.० टीडीआयबरोबर येणारा सहा गिअरचा डीएसजी तेलात बुडालेल्या क्लचचा, त्यामुळे जास्त टिकाऊ. पण दर ६०,००० किलोमीटरला त्याचे ऑईल आणि फिल्टर बदललेच पाहिजेत.

मर्सिडीज. पुण्यात १९९५ पासून या गाड्या जुळवल्या जात आहेत, म्हणून जुन्या ई-क्लास आणि सी-क्लास आपल्याकडे भरपूर आहेत.

- १९९३ ते १९९५ च्या काळातल्या इंजिनांच्या वायरिंगचे आवरण उष्णतेने कडक होऊन भुगा होते. बॉनेट उघडून वायर हलकेच वाकवून पाहा.
- २००० ते २००३ च्या सुमाराच्या सी-क्लासमध्ये रेडिएटरच्या आतला गिअर ऑईलचा कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये जाते. पन्नासच्या आसपास वेगात रस्ता सपाट असूनही गाडी बारीक थरथरते. रेडिएटर बदलल्याचे बिल नसेल तर आधी तो बदला, मग बाकीचे.
- २००२ ते २००६ दरम्यानच्या ई-क्लासमध्ये विजेवर चालणारी एसबीसी ब्रेक यंत्रणा होती. तिच्यासाठी २००४ आणि २००५ मध्ये कंपनीला जगभर मोठे रिकॉल करावे लागले आणि २००६ मध्ये या मॉडेलमधून ती काढून टाकली. पंप ठरावीक वेळा चालल्यावर मीटरवर ब्रेकची लाल सूचना येते. पंप पूर्ण बंद पडला तर पेडल खूप दाबावे लागते आणि ब्रेक फक्त पुढच्या चाकांना लागतो. ही सूचना आल्यावर एक किलोमीटरही चालवू नका. तुमच्या मिस्त्रीलाही सांगा: ही यंत्रणा स्कॅनरने निष्क्रिय केल्याशिवाय पॅड काढू नयेत, पिस्टन आपोआप दाबले जाऊन बोटे चिरडू शकतात. माझे मत विचाराल तर एसबीसी असलेली गाडी या भागात घेऊच नका. २००६ नंतरची शोधा.
- २००४ ते २००८ च्या व्ही-६ पेट्रोल इंजिनांत बॅलन्स शाफ्टचा गिअर झिजतो. तो बदलायला अख्खे इंजिन उतरवावे लागते. इंजिनचा दिवा लागलेली व्ही-६ स्वस्तात मिळत असेल तर ती याच कारणाने स्वस्त असण्याची शक्यता मोठी.
- २००९ ते २०११ च्या २२० आणि २५० सीडीआय डिझेलमध्ये पहिल्या प्रकारचे इंजेक्टर खराब निघाले. कंपनीने नंतर वेगळ्या प्रकारचे बसवले. चारही बदलल्याचे बिल पाहा.
- एअर सस्पेन्शनची गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी पाहा. एक कोपरा खाली बसला असेल तर हवा गळते आहे. गळतीमुळे कॉम्प्रेसर सतत चालतो आणि मग तोही जातो.

बीएमडब्ल्यू. २००७ ते २०११ च्या ३२०डी आणि ५२०डी मधल्या एन४७ डिझेल इंजिनाची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. ती ढिली झाली की मागून करकर आवाज येतो, आणि बदलायला गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवावे लागते. तुटली तर इंजिन संपले. सहा सिलिंडरच्या पेट्रोल गाड्यांत विजेवर चालणारा वॉटर पंप फारशी सूचना न देता बंद पडतो. ऑईल फिल्टरच्या बैठकीचे आणि वरच्या झाकणाचे गॅस्केट गळते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो. तेव्हा बंद पडलेला वॉटर पंप पाच मिनिटांत हेड वाकवू शकतो.

ऑडी ए४, ए६. पेट्रोल इंजिनात ऑईल जळण्याचे दुखणे स्कोडासारखेच, कारण इंजिनाचे घराणे एकच. ए४ मधला मल्टिट्रॉनिक गिअरबॉक्स साखळीवर चालतो. त्याचे ऑईल वेळेवर बदललेले नसेल तर हळू वेगात हिसके देतो.

होंडा अकॉर्ड, टोयोटा कॅमरी, कोरोला अल्टिस. दिमाख जर्मन गाड्यांपेक्षा कमी, पण चार सिलिंडरच्या पेट्रोल अकॉर्ड आणि अल्टिसचे बरेचसे काम चांगला फिटर आदिलाबाद किंवा निर्मलला करू शकतो. अकॉर्डमध्ये पहाटेच्या पहिल्या सेल्फला सेकंदभर होणारी खरखर, पॉवर स्टिअरिंगची गळती आणि पुढच्या सस्पेन्शनचे बुश पाहा. २.४ लिटरच्या कॅमरीमध्ये ऑईल कमी होते का ते पाहा. घरातली एकमेव गाडी म्हणून घेत असाल, रात्री-अपरात्री दवाखान्यात जायला तीच लागणार असेल, तर या तिघींपैकीच घ्या. जर्मन गाडी दुसरी म्हणून शोभते.

पाहायला जाल तेव्हा

मालकाला आदल्या दिवशी निरोप द्या: गाडी सुरू करून ठेवू नका. तुम्ही पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर काहीतरी लपवले जात आहे असे समजून पुन्हा वेळ मागा. वर सांगितलेल्या दुखण्यांपैकी निम्मी थंड इंजिनावरच ओळखू येतात.

१. सेल्फ मारण्याआधी चावी फक्त चालू करा. इंजिन, एबीएस, एअरबॅग हे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. एखादा लागतच नसेल तर त्याची वायर तोडलेली असू शकते.
२. बॉनेट बंद ठेवून सुरू करा आणि बाहेर उभे राहून आवाज ऐका. मग बॉनेट उघडून पुन्हा ऐका.
३. दुसऱ्या माणसाला धुराकडे लक्ष ठेवायला सांगा. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते. गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येत असेल तर कूलंट जळते.
४. ऑईलचे झाकण उघडून पाहा. आत काळा चिखल जमला असेल तर ऑईल वेळेवर बदललेले नाही, मग मीटरवर किलोमीटर कितीही कमी असोत.
५. किमान तासभर चालवा. गिअरचे बरेच दोष तेल गरम झाल्यावर दिसतात. थांबत-थांबत, चढावर, रिव्हर्समध्ये, सगळीकडे चालवा. शेवटी एसी पूर्ण ठेवून जागेवर दहा मिनिटे उभी ठेवा आणि तापमानाचा काटा पाहा.
६. जॅकवर किंवा खड्ड्यावर घेऊन खालून पाहा. ऑईल चेंबर ठोकरलेला, वेल्डिंग केलेला आहे का?
७. त्या कंपनीचा खास स्कॅनर असलेल्या वर्कशॉपमध्ये तपासणी करून घ्या. फोनला जोडायचा साधा ब्लूटूथ स्कॅनर इंजिनाचे कोड वाचतो. गिअरबॉक्स, ब्रेक आणि एअरबॅगचे कोड बहुधा वाचत नाही. सगळे कोड "नुकतेच पुसलेले" दिसले तर शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा वाचायला सांगा.

तपासणीचे पैसे तुम्ही द्या आणि वर्कशॉपही तुम्ही निवडा. विकणारा "माझ्या माणसाकडे दाखवा" म्हणत असेल तर नको म्हणा. खरेदीच्या पैशांखेरीज किमतीच्या निदान एक तृतीयांश रक्कम पहिल्या वर्षाच्या कामांसाठी वेगळी ठेवा. ती ठेवता येत नसेल तर गाडी परवडत नाही, ती कितीही स्वस्त वाटली तरी.

दिवा लागला: थांबायचे की चालवायचे

लाल दिव्याला गाडी बाजूला घ्या. पिवळ्या दिव्याला जपून चालवत वर्कशॉप गाठा. एवढा साधा नियम आहे, पण काही दिव्यांबद्दल अधिक सांगायला हवे.

- ऑईल प्रेशरचा लाल दिवा: इंजिन त्याच क्षणी बंद करा. "इचोड्यापर्यंत नेऊ" हा विचार इंजिन जाम करतो. ऑईलची पातळी पाहा. पातळी बरोबर असूनही दिवा विझत नसेल तर सेल्फ मारू नका.
- तापमान: एसी बंद, हीटर पूर्ण चालू, मग सुरक्षित जागी थांबा. कूलंटचे झाकण गरम असताना कधीही उघडू नका. अर्धा-पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका.
- इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकतो आहे: एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाही. ते सायलेन्सरमध्ये जाऊन कॅटॅलिस्ट जाळते. थांबा.
- इंजिनचा पिवळा दिवा स्थिर आहे, गाडी नेहमीसारखी चालते: जपून न्या, त्याच आठवड्यात स्कॅन करा.
- गिअरबॉक्स एकाच गिअरमध्ये अडकला: गाडीने स्वतःला वाचवण्यासाठी ते केले आहे. एकदा बंद करून पाच मिनिटांनी सुरू करा. पुन्हा तेच झाले तर निर्मलचा घाट चढायला जाऊ नका.
- एकाच वेळी सगळे दिवे लागले: घाबरण्याआधी बॅटरी तपासा. या गाड्यांत व्होल्टेज उतरले की प्रत्येक यंत्रणा खोटी तक्रार करते. बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीत १३.८ ते १४.५ असावेत. हजारो रुपयांचे सुटे भाग सुचवणाऱ्याने आधी मीटर लावून हे आकडे दाखवले पाहिजेत.

दोर बांधून ओढू नका

बंद गाडीला ट्रॅक्टर लावून टोचन करणे ही आपल्याकडची सवय. हाताच्या गिअरच्या गाडीला ते चालते. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद असले की गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही आणि काही किलोमीटरांत तो आतून घासला जातो. सपाट ट्रकवर चढवूनच न्या. ही सेवा इन्शुरन्सच्या पॅकेजमध्ये घेता येते. ती किती किलोमीटरपर्यंत लागू आहे हे मात्र पॉलिसीत वाचा. पन्नास किलोमीटरची मर्यादा असेल तर तुम्हाला तिचा उपयोग आदिलाबादपुरता.

स्टेपनीचेही पाहून घ्या. बऱ्याच बीएमडब्ल्यूमध्ये स्टेपनीच नसते. रनफ्लॅट टायर पंक्चर झाल्यावर साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत चालतो आणि गावच्या पंक्चरवाल्याकडे त्याचे काम होत नाही. टायरवर छापलेले शेवटचे चार अंक आठवडा आणि साल सांगतात: १८१६ म्हणजे २०१६ सालचा अठरावा आठवडा. नक्षी चांगली दिसत असली तरी एवढा जुना टायर हायवेवर नेऊ नका.

आपल्या मातीत आणि हवेत काय बिघडते

पाणी. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नका. त्यातले क्षार अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक नळ्यांत जमतात आणि दोन उन्हाळ्यांत गाडी तापू लागते. कंपनीने सांगितलेले कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. हिरवे आणि गुलाबी कूलंट एकत्र करू नका. वाटेत अगदीच गरज पडली तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. दहा वर्षांपुढच्या गाडीत कूलंटची प्लॅस्टिकची टाकी, नळ्यांची तोंडे आणि थर्मोस्टॅटचे घर उष्णतेने ठिसूळ झालेले असते. फेब्रुवारीतच बदलून घ्या, मे महिन्याची वाट पाहू नका.

डिझेल. ट्रॅक्टरसाठी घरी ड्रममध्ये ठेवलेले डिझेल या गाड्यांत ओतू नका. तळाशी साचलेले पाणी आणि गंज जुन्या ट्रॅक्टरचा पंप सहन करतो, कॉमन रेलचा इंजेक्टर नाही. गर्दीच्या पंपावर भरा, बिल ठेवा, आणि डिझेल फिल्टर कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या आधीच बदला.

पेट्रोल. २०२५ पासून देशभरातल्या बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नाहीत. इंधनाच्या नळ्या, ओ-रिंग आणि पंप वर्षातून एकदा तपासा. पेट्रोलचा वास आला तर गाडी उभी ठेवा. गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे ओलावा कमी शिरतो.

रस्ता आणि पाऊस. हायवे सोडून आत वळल्यावर सेडानचा ऑईल चेंबर दगडाला लागतो. तेलाचा डाग दिसला तर आधी पातळी पाहा, मग पुढे जा. जूनच्या आधी काचेखालची आणि सनरूफची पाणी जाण्याची छिद्रे साफ करा. त्यात पालापाचोळा अडकला की पाणी थेट इलेक्ट्रॉनिक बॉक्सवर किंवा पायाखालच्या गालिच्यात जाते, आणि मग महिनाभराने विनाकारण काहीतरी बंद पडू लागते. ओढ्याच्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात सेल्फ मारून झालेले हे नुकसान साधी पॉलिसी देत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे जादा संरक्षण लागते आणि ते जुन्या गाडीला क्वचितच मिळते.

उंदीर. कापूस, सोयाबीन साठवलेल्या कोठाराशेजारी गाडी उभी करू नका. कुरतडलेल्या एका वायरीपायी लोकांनी गिअरबॉक्स खोलल्याचे मी पाहिले आहे.

कागद: सौद्याच्या दिवशी नव्हे, त्याआधी

मालकाने सही केलेले कागद दिले म्हणजे गाडी तुमची झाली, असे नाही. नोंदणीत ज्याचे नाव, अपघाताची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट केले. म्हणून विकणाऱ्यालाही ट्रान्सफरची घाई हवी. तो टाळत असेल तर कारण शोधा.

- राज्यातली गाडी: फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा.
- महाराष्ट्रातली गाडी: तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. त्यावर आदिलाबादचे नाव आहे का पाहा. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर नवा नंबर घ्यावाच लागतो. मूळ किंमत आणि वय धरून तेलंगणाचा जीवनकर भरावा लागतो. आलिशान गाडीला तो मोठा येतो. आकडा आदिलाबादच्या परिवहन कार्यालयात विचारून मगच बयाणा द्या. अनेकांचा सौदा इथेच महाग पडतो.
- कर्ज: आरसीवर बँकेचे नाव असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.
- वय: १५ वर्षांनंतर नोंदणीचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. २०२२ पासून त्याचे केंद्रीय शुल्क ५,००० रुपये आहे, पूर्ण आयात गाडीला ४०,०००. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपुढच्या गाडीला १०,००० आणि आयातीला ८०,०००. हरित कर वेगळा. म्हणून गाडी पुण्यात किंवा शेंद्र्यात जुळवलेली आहे की परदेशातून तयार आलेली, हे आरसीवर आधी पाहा.
- दिल्लीची गाडी: तिथे २०१४-१५ च्या हरित लवादाच्या आदेशांमुळे डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा आली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तेव्हापासून तिकडच्या गाड्या कमी भावात दक्षिणेकडे येतात. गाडी चांगलीही असू शकते. एनओसी हातात नसेल तर ती केवळ लोखंड आहे.
- इन्शुरन्स: थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर येते, तरी १४ दिवसांत नाव बदलायला अर्ज करा. स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण नाव बदलल्याशिवाय मिळत नाही. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो तुमच्याकडे येत नाही.

चलन बाकी आहे का हे पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर पाहा. चासी नंबर आरसीशी स्वतः डोळ्यांनी जुळवा.

डीलरकडून घेतली, गॅरेजमध्ये दिली: तुमचे हक्क

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन विभागाचे अधिकारपत्र लागते, आणि गाडी त्याच्याकडे आल्याची नोंद फॉर्म २९सी ने करावी लागते. ते दाखवायला सांगा. तो जे तोंडी सांगतो ते बिलावर लिहून घ्या: किलोमीटर, अपघात झालेला नाही, पाण्यात बुडालेली नाही, गिअरबॉक्स निर्दोष. लिहायला नकार दिला तर तुम्हाला उत्तर मिळालेच. खाजगी मालकाकडून घेतलेल्या गाडीला ग्राहक कायदा सहसा लागू होत नाही. तिथे सगळी भिस्त आधीच्या तपासणीवर.

गॅरेजमध्ये गाडी देताना जॉब कार्ड, अंदाजपत्रक आणि "मला विचारल्याशिवाय यापुढे खर्च करू नये" ही ओळ लेखी हवी. काढलेले जुने भाग परत मागा. स्कॅनचा कागद आधीचा आणि नंतरचा, दोन्ही घ्या. दूरच्या वर्कशॉपशी फोनवर बोलताना "बघा आणि करा" म्हणू नका. फोटो आणि आकडा मागवा, मग होकार मेसेजवर द्या.

फसवणूक झाली तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, डीलर हैदराबादचा किंवा नागपूरचा असला तरी. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. तक्रार ई-जागृती पोर्टलवरही करता येते.

एक हक्क बहुतेकांना माहीत नसतो. कंपनीने रिकॉल केलेला सुरक्षेचा भाग मालक कितवाही असो, मोफत बदलून मिळतो. त्यातला सर्वांत गंभीर म्हणजे टाकाटा कंपनीचे एअरबॅग. उष्णता आणि दमटपणाने त्यातले रसायन बिघडते आणि एअरबॅग फुटताना धातूचे तुकडे चालकाच्या अंगावर येतात. जगभर यात माणसे दगावली आहेत. होंडा, टोयोटा, बीएमडब्ल्यूसह अनेक कंपन्यांच्या जुन्या गाड्यांत ते आहेत. आरसीवरचा चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाका किंवा हैदराबाद, नागपूरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा. काम बाकी निघाले तर तारीख घेऊनच फोन ठेवा, आणि ते होईपर्यंत शक्यतो त्या गाडीने प्रवास करू नका.